लेमोनियाच्या नावाने

कावाला, ग्रीस, ४ ऑक्टोबर २०१६

लेमोनिया,

अक्षर ओळखून पाकीट तसंच कचऱ्यात टाकू नकोस. हे पत्र मी माझ्या हौसेने लिहीत नाहीये. मला गृहपाठ दिलाय.

आपल्या आईला विसरायचा आजार झालाय. थेसालोनिकीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तिला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने गोल छान काढला आणि सगळे आकडे एका कोपऱ्यात कोंबले, टोपलीत बांगडे भरावेत तसे. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झालं ना? निघू या, भांडी पडलीयत." डॉक्टर म्हणाले, हे बरं होत नाही. घरच्यांनी शिकून घेतलं तर निभावतं.

म्हणून मी या वयात शाळेत जातेय. बंदरामागचं तंबाखूचं जुनं गोदाम आठवतं ना, आई तरुणपणी जिथे पानं निवडायला जायची? तिथे आता अशा लोकांसाठी केंद्र निघालंय. मंगळवारी पुढच्या खोलीत आजारी माणसं गाणी म्हणतात, लोकर गुंडाळतात. मागच्या खोलीत आम्ही, म्हणजे त्यांना सांभाळणारे, बाकावर बसून शिकतो. आईला वाटतं ती कामावर चाललीय. मला उशीर झाला तर तीच ओरडते, "आवर गं, मुकादम दारात उभा असेल."

शिकवणारी कालिरोई. मला मुलगी असती तर तिच्याएवढी असती. तिने सांगितलं, "घरातलं जे माणूस लांब आहे त्याला लिहा, इथे काय शिकलात ते कळवा. नाहीतर ते कधीतरी येतं आणि तुमचं महिन्यांचं काम दोन दिवसांत उधळून जातं." वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी लांबचं आहेच.

तर ऐक. तिच्याशी मागून बोलायचं नाही, समोर यायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "काय खाशील" असं विचारायचं नाही. "सूप की अंडं" असं विचारायचं. मोरीच्या दारावर चित्र लावायचं. आणि "मी कोण, ओळख बघू" हे तर कधीच विचारायचं नाही. त्याने माणूस घाबरतं.

ती तुझी आठवण काढते का, हे तुला विचारावंसं वाटेल. काढते.

बाबांच्या मातीनंतर कॉफी पिताना तू मला म्हणाली होतीस, "तू इथे राहिलीस कारण कुठे जायची तुझ्यात हिंमत नव्हती." मी तेव्हा कप उचलून आत नेले. गृहपाठ संपला.

दोम्ना


कावाला, २३ नोव्हेंबर २०१६

लेमोनिया,

घोंगडी पोचली. मऊ आहे. आईने गालाला लावून पाहिली आणि मला विचारलं, "कुणी पाठवली?" मी सांगितलं. त्यानंतर ती घोंगडीला कुणाला हात लावू देत नाही. मी गेली कित्येक वर्षं तिच्यासाठी विणतेय, त्यातलं एक तिने असं गालाला लावलेलं मला आठवत नाही. तुझ्या चिठ्ठीत शेवटी "तू कशी आहेस" असं आहे. ती ओळ वेगळ्या पेनाने लिहिलेली दिसते. नंतर सुचली असेल.

मागच्या पत्रात "काढते" एवढंच लिहिलं. खरं म्हणजे ती दुसरं काही करत नाही. उठल्यापासून लेमोनिया. लेमोनिया शाळेतून आली का, लेमोनियाला माशातला काटा लागेल, लेमोनियाचे केस कुणी कापले. आणि मी समोर. मला ती काल म्हणाली, "बाई, तुम्ही काम चांगलं करता, पण माझी बांगडी परत द्या." बांगडी तिनेच तांदळाच्या डब्यात ठेवलीय. मी काढून दिली की म्हणते, "बघ, घाबरून आणून ठेवली."

कालिरोई म्हणते, ती खोटं बोलत नाही. आठवणीला भोक पडलंय, ते बुजवायला मन हाताला येईल ते घालतं. मी विचारलं, "मग दर वेळी चोर म्हणून मीच कशी हाताला येते?" ती म्हणाली, "कारण तुम्हीच जवळ असता." हे उत्तर मला पटलं, पण पचलं नाही.

आमच्या वर्गात स्टमाटिस नावाचा एक म्हातारा आहे, पूर्वी बोटीवर इंजिनं दुरुस्त करायचा. त्याची बायको त्याला तिचा भाऊ समजते. तो म्हणतो, "बरंच झालं. नवरा होतो तेव्हा एवढ्या प्रेमाने कधी जेवायला वाढलं नव्हतं." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या आठवड्यात माझ्याकडे तेच घडलं होतं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगते.

संध्याकाळ झाली की आई कोट घालून खिडकीशी उभी राहते, तुझी वाट बघत. मी रोज सांगायचे, "आई, लेमोनिया जर्मनीत आहे. लग्न होऊन गेली, केव्हाच गेली." ती रोज ते पहिल्यांदा ऐकायची आणि रोज रडायची. वर्गात हे सांगितलं तेव्हा कालिरोई म्हणाली, "दोम्नाताई, तुम्ही तिला रोज संध्याकाळी तीच वाईट बातमी नव्याने देता." ते मला लागलं. मी काही दुष्ट नाही. खरं तेच सांगत होते.

त्या संध्याकाळी मी दिवा लावायला खोलीत गेले. ती वळली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आलीस का गं लेमोने?"

मी म्हटलं, "आले, आई."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती गार पडलेत गाल. बाहेर वारा आहे का? बैस." स्वतःच्या वाटीतलं सूप चमच्यात घेऊन फुंकर मारून मला भरवलं. मी तोंड उघडलं. या वयात, दात पडायला आले असताना, मी पाखरासारखं तोंड उघडून बसले होते.

तुला हे नेहमी मिळायचं का? एवढंच मला विचारायचं होतं.

दोम्ना


कावाला, २० जानेवारी २०१७

लेमोनिया,

तुझं पत्र वाचलं. "तू माझं नाव कशी घेऊ शकतेस" असं लिहिलंस. घेतलं नाही. तिने दिलं.

आता रोजच देते. सकाळी मी कामवाली असते, दुपारपासून तू. तू असताना ती अंघोळीला हूं की चूं करत नाही. तू असताना औषध गोड लागतं. आणि मला कळायला लागलंय, तुझं लहानपण माझ्याच घरात, माझ्याच शेजारच्या पलंगावर, किती वेगळं गेलं ते. ती माझे केस कानामागे सारते आणि म्हणते, "तू हसलीस की घर उजळतं." माझ्या हसण्याबद्दल मला आजवर एवढंच सांगितलं गेलंय की दात दिसतात, तोंड मीट.

ती तुला गुपितंही सांगते. काल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या थोरलीला सांगू नकोस. तुझ्यासाठी मुरंबा ठेवलाय लपवून." उशीखालून काय काढलं असेल? साबणाची वडी. मी म्हटलं, "छान आहे, उद्या खाईन." मग तिने विचारलं, "थोरली तुला त्रास देते का?" मी विचारलं, "ती कशी आहे?" असं विचारू नये, आम्हाला शिकवलंय. पण विचारलं. ती म्हणाली, "कुरकुरी आहे." आणि घोंगडी ओढून झोपली.

कुरकुरी. बाबांना शेवटच्या वर्षी कुशीवर वळवायला कोण उठायचं, कुरकुरीच ना?

वर्गानंतर कालिरोईने मला थांबवलं. "आई शांत झाल्यात, चांगलंच आहे. पण तुम्हाला त्याचं काय वाटतं?" मी म्हटलं, मला काय वाटायचंय. ती म्हणाली, "सांभाळणाऱ्याने स्वतःकडेही बघावं, हा पण धड्याचाच भाग आहे." मी पिशवी उचलली आणि निघाले. धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून बसले थोडा वेळ. आई पुढच्या खोलीत गाणी म्हणत होती, घाई नव्हती. तुझ्या नावाने मिळालेलं लाडकं बोलणं आठवत बसले, आणि तरीसुद्धा पोटात आग पडली होती. मला वाटलं होतं की एकदा ते मिळालं की आग विझेल. उलट, आता मला चवच कळलीय.

मार्चमध्ये येतेयस म्हणतेस. ये. घर तुझंही आहे. येताना काळे कपडे नकोत, ती कुणी गेलं का विचारत बसते. हलके बूट आण, टाचांच्या आवाजाने दचकते. आरशावर मी पडदा टाकलाय, तो काढू नकोस, आरशातल्या बाईला ती घाबरते. बाकी तू तिची लाडकी. तुला मी काय सांगायचं?

दोम्ना


कावाला, ३० मार्च २०१७

लेमोनिया,

बसमध्ये चढताना तू विचारलंस, "तू मुद्दाम केलंस का?" आणि मी तोंड उघडायच्या आत दार लागलं. उत्तर हो असं आहे.

मला माहीत होतं. फेब्रुवारीपासून ती मला दिवसभर लेमोनियाच म्हणत होती. कालिरोईने बजावलं होतं, "बहिणीला आधी कळवा, नाहीतर धक्का बसेल." मी तुला आणखी एक पत्र लिहायला बसलेही होते. लिहिलं नाही. मला बघायचं होतं.

आणि बघितलं. तू दारात, हातात बॅग, केस नवे कापलेले. आईने माझा हात धरला होता. तिने तुझ्याकडे पाहून पाहुण्यांसाठीचं हसू काढलं. "या ना, बसा. लेमोने, बाईंना कॉफी टाक." तू म्हणालीस, "आई, मी लेमोनिया." ती हसली, माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाली, "ही काय माझी लेमोनिया. तुम्ही चुकीच्या दारात आलात वाटतं." मला दोन शब्द बोलता आले असते. मी कॉफी टाकायला गेले. कॉफी उतू गेली, शेगडीवर सगळी सांडली, आणि मी ती पुसता पुसता हसत होते. हे तुला कळलेलं बरं.

पुढे काय झालं ते तू भोगलंस, पण मी ते कसं पाहिलं ते तुला माहीत नाही. तू तिच्या समोर फोटो धरलेस. "ओळख बघू, ही कोण? ही फ्रॉकवाली कोण?" जे कधीच विचारायचं नाही ते तू दिवसभर विचारत होतीस, आणि मी तुला अडवलं नाही. ती घाबरून पडद्यामागे जाऊन उभी राहिली. मला खुणेने बोलावून म्हणाली, "या बाईला घालव, ही माझी परीक्षा घेते." मग तू मोरीत गेलीस आणि नळ सोडून रडलीस. आपल्या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते तू विसरली असशील. तोवर मला गोड लागत होतं सगळं. नळाचा आवाज थांबेचना, तेव्हा लागेनासं झालं.

म्हणून मंगळवारी तुला शाळेत नेलं. आईला कसं होत असेल ते कळावं म्हणून कालिरोईने तुझ्या हातात जाड हातमोजे घातले, तेल फासलेला चष्मा दिला, रेडिओ मोठ्याने लावला आणि शर्टाची बटणं लावायला सांगितली. मला म्हणाली, "तुम्ही शेजारी उभं राहून घाई करा." मी केली. "लवकर. अगं लवकर. एवढं साधं जमत नाही?" माझ्या तोंडातून ते इतकं सहज आलं की मीच चमकले, रोज सकाळी आईला मी हेच म्हणत असणार. तू शर्ट भिरकावलास आणि मला जर्मनमध्ये काहीतरी म्हणालीस. स्टमाटिस म्हणाला, "पास झाली पोरगी."

मग तू खाली बसलीस. "म्हणजे आता ती मला कधीच ओळखणार नाही?" कालिरोई तुला खोटा धीर देईल असं मला वाटलं होतं. तिने दिला नाही. म्हणाली, "कदाचित नाही. पण त्यांना जवळ माणूस लागतं. त्या ज्या नावाने हाक मारतील त्या नावाने जाता येतं."

"माझं नाव तर हिने घेतलंय," तू म्हणालीस.

"मग थोरलीचं मोकळं आहे की," स्टमाटिस म्हणाला. गंमत म्हणून म्हणाला तो. तू मात्र हसली नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत पडद्याला टीप घालत होते. तू कंगवा घेऊन आत गेलीस, तिच्या समोर बसलीस, जसं शिकवलं होतं तसं, आणि म्हणालीस, "आई, मी दोम्ना. केस विंचरते."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून किंचाळले नाही. लेमोनिया, मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. तुला सगळं मिळालं होतं. हसरा चेहरा, जर्मनी, नवरा, आईचं प्रेम. माझ्यापाशी एक नाव होतं, आणि तेही तू कंगव्यासकट उचलून आत गेलीस.

आई म्हणाली, "इतका वेळ कुठे होतीस? हळू ओढ. तुझा हात जड आहे." आणि डोकं पुढे केलं. पडद्यामागे लपली नाही, तुला बाई म्हणाली नाही. मग दिवसभर तू दोम्ना होतीस. चहा गरम झाला, तुझी चूक. उशी वाकडी, तुझी चूक. बांगडी तू चोरलीस. तू ते सगळं झेललंस आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिलीस.

"ती तुझ्याशी नेहमी अशीच बोलते?"

"आज जरा बरीच बोलली," मी म्हटलं.

तू खुर्चीत बसलीस आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत राहिलीस. हिंमतीबद्दल काही म्हणाली नाहीस. माफीही मागितली नाहीस. मला ते आवडलं. माफी मागितली असतीस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

आणि शेवटच्या दिवशी, तू तिच्या पायांना तेल लावत असताना, तिने ती तुझी घोंगडी काढून तुझ्या मांडीवर टाकली. "दमलीस तू दोम्ना. बस जरा." मी दारातच होते. मला वाटलं धावत जावं आणि म्हणावं, ते माझं आहे, ते मला म्हटलंय, उठ तिथून. तू वर पाहिलंस. तुझा चेहरा असा झाला होता जसं कुणी चुकून दुसऱ्याचं पार्सल तुझ्या हातात दिलंय. नंतर म्हणालीस, "ते तुझं होतं." मी म्हटलं, "राहू दे तुलाच." मनापासून नव्हतं म्हटलं.

दोम्ना


कावाला, ११ जून २०१७

लेमोनिया,

ईस्टरला अंडी मीच रंगवली. आईने बोटं लाल करून घेतली आणि दिवसभर सगळ्यांना दाखवली. कालिरोईच्या सांगण्यावरून आता दर गुरुवारी दुपारी शेजारची बाई येऊन बसते आणि मी बाहेर पडते. पहिल्यांदा कुठे जायचं तेच कळेना. बंदरावर जाऊन आईस्क्रीम खाल्लं. स्टमाटिसची बायको गेली महिन्यापूर्वी. तरीही तो मंगळवारी येतो, बाकावर बसतो, नव्या लोकांना हातमोजे घालायला मदत करतो.

लिहायचं कारण वेगळं आहे. काल आम्ही गॅलरीत शेंगा निवडत होतो. शिरा काढायचं काम तिला अजून जमतं. हातांना आठवतं, डोक्याला नाही. मी लेमोनियाच होते, आता असतेच. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "दोम्ना कुठे गेली?"

मी शेंग हातात धरून बसले. "कोण?"

"दोम्ना. थोरली. किती दिवस दिसली नाही. तीही गेली का जर्मनीला?"

मी दोम्ना, असं म्हणणं किती सोपं होतं. पण म्हटलं असतं तर तिच्या समोरची लेमोनिया नाहीशी झाली असती, आणि तिचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "येईल, आई."

"कधी?"

"द्राक्षं पिकली की."

ती पुन्हा शेंगांना लागली. मग मी ते विचारलं, जे विचारायचं नाही. तुझ्या आवाजात विचारलं. "तुला कशाला हवीय ती? कुरकुरी तर आहे."

तिने विचार केला. इतका विचार करताना मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आहे कुरकुरी. हातही जड आहे. पण ती घरात असली की दार लावलंय की नाही ते उठून बघावं लागत नाही."

बस. एवढंच. मग तिने शेंगांच्या शिरा टोपलीत आणि शेंगा जमिनीवर टाकायला सुरुवात केली, आणि मी गोळा करत राहिले.

मी गेले आठ महिने तुझा हेवा करतेय, आणि त्याआधी जन्मभर केला. काल गॅलरीत बसून पहिल्यांदा मला दोम्नाचा हेवा वाटला. जिची वाट बघितली जात होती ती दोम्ना. आणि मी आईच्या शेजारी बसले होते, तुझं नाव लावून, आणि मला दोम्नाच्या वाट्याचं काही घेता येत नव्हतं. आईचं असंच असावं. जी समोर नाही ती तिला हवी असते. तू तीस वर्षं समोर नव्हतीस, यात तुझा काही गुण नव्हता. हे लिहून मला थोडं बरं वाटतंय, हेही लपवत नाही.

आज सकाळीही तिने विचारलं. कोट घालून खिडकीशी गेली, तुझ्यासाठी जायची तशी, आणि म्हणाली, "दोम्नाला उशीर झाला."

तेव्हा सप्टेंबरमध्ये, द्राक्षं पिकली की, सुट्टी काढ. जास्त दिवसांची काढ. आल्यावर समोर बस, नाव सांग, दोम्ना म्हण. ती ओरडेल, ओरडू दे. ती बस म्हणाली तर बस, घोंगडी टाकली तर घे. मी दारात उभी राहून जळेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. पण ये. मला एकटीला दोघी होता येत नाही.

दोम्ना